आढळून येत नाही

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये पंखा लावत नाहीत. सुटे कागद उडतात. म्हणून दुपारचा डबा संपला की इथे डांबरगोळ्यांच्या वासाची एक जड गुंगी येते, आणि मी टेबलावर हातांची घडी करून त्यात डोकं ठेवते. दहा मिनिटं, फार तर पंधरा. आजही ठेवलंय. कोपराखाली यादी आहे, आज कोणते गठ्ठे नष्ट करायला द्यायचे त्यांची. तीन वाजता त्यांना न्यायला ट्रक येणार आहे. त्याआधी प्रत्येक पानावर माझी सही हवी. सगळ्या पानांवर झाली, एक पान राहिलंय.

डोळे मिटतात. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी स्टूल सरकवतं. तो आवाज लांबत जातो, लांबतच राहतो, आणि तो संपायच्या आधीच दारातून प्रश्न येतो,

"मॅडमबाई, माह्या घराचा कागद गवसला का?"

सयत्राबाई नान्हे. चार वर्षांत सहा वेळा आली होती. दर वेळी दाराबाहेर चपला काढायची. "बाई, घालूनच या, इथे धूळ आहे," असं मी सांगायची, तरी काढायचीच. आताही ती अनवाणी उभी आहे. वैशाखात ती वारली, हे मला ठाऊक आहे. झोपेतही ठाऊक आहे.

"बघते," मी म्हणते. तिला मी नेहमी हेच म्हणायची.

"पाय ना मंग."

मी पुनर्वसन कार्यालयात रेकॉर्ड सांभाळते. अलका कोहाड माझं नाव. धरणात गेलेल्या सतरा गावांचे कागद माझ्या ताब्यात आहेत. त्यातलं एक कोसमबोडी. गाव उठायच्या आधी सरकारी माणसांनी घरोघर जाऊन पंचनामे केले होते. घर कुणाचं, भिंती कशाच्या, दारात झाड कोणतं. ज्याच्या घराचा पंचनामा, त्याला नव्या गावात घरापुरती जागा. सयत्राबाईचा पंचनामा कोसमबोडीच्या फाईलमध्ये नव्हता. त्यामुळे तिला जागा मिळाली नाही. तिनं नव्या गावाच्या कडेला झोपडं घातलं, त्यातच मुलगी वाढवली, आणि चाळीस वर्षांनी त्या झोपड्यावर अतिक्रमणाची नोटीस लागली.

"अंगठा देल्ला होता मी," ती सांगायची. "मांडीवर पोरगी होती. तिच्या फराकीले शाई लागली होती."

मागच्या मार्चमध्ये मी तिला लेखी उत्तर दिलं. 'शोध घेतला असता सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.' फाईल मी पाहिली होती. मागच्या शेडमधले गठ्ठे पाहिले नव्हते. स्कॅनिंगचं काम डोक्यावर होतं, आणि 'शोध घेतला असता' हे शब्द नमुन्यात आधीच छापलेले होते. मी खाली सही केली.

वैशाखात ती गेली. आणि अकरा दिवसांपूर्वी यादी करताना मी गठ्ठा क्रमांक दोनशे बाराची दोरी सोडली. वर लिहिलेलं होतं 'किरकोळ पत्रव्यवहार'. आत, बदल्यांच्या आणि रजेच्या अर्जांमध्ये दुमडलेला एक पंचनामा. मौजे कोसमबोडी. सयत्रा, विधवा. खाली जांभळा अंगठा.

मी तो टेंभरे साहेबांना दाखवला. आमचे अव्वल कारकून. माणूस वाईट नाही, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे आहेत. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला. "म्हातारी गेली ना, मॅडम? मग आता स्वतःचंच पत्र खोटं ठरवून काय मिळवणार? चौकशी लागेल. बांधा परत."

मी बांधला.

तीन दिवसांनी तिची मुलगी आली. चंद्रकला. आई मरताना म्हणाली होती, एकदा परत विचारून ये. मी तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं, नाही सापडला. ती म्हणाली, "तुमी शोधला, मॅडम, थेच लय झालं." पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले.

"चाल ना," सयत्राबाई म्हणते. "पायतो म्हनलं ना तू?"

ती रॅकांच्या मधून पुढे जाते, मी तिच्या मागे. तिसऱ्या आणि चौथ्या रॅकच्या मधली वाट रोजच्यापेक्षा अरुंद आहे. मग ती उताराची होते. पायाखाली फरशी नाही, थंड चिकणमाती आहे. मी चपला शोधते. त्या मी कधी काढल्या ते आठवत नाही. वर छत नाही. खूप उंचावर हिरवट उजेड हलतोय, आणि तो हलला की सगळ्या सावल्या एकदम सरकतात.

दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती. दारं. दारांत माणसं. एक म्हातारा जाळं विणतोय. एक बाई सुपात तांदूळ पाखडतेय, पण कोंडा खाली पडत नाही, वर जातो, हळूहळू वरच जात राहतो.

"हा देवाजी," सयत्राबाई सांगते. "थे त्याची बायको. इकडे फुलाबाईचं घर."

मी नमस्कार करते. कुणी बघत नाही.

"यायचे कागद हायेत ना तुह्याजवळ?"

"हो. सगळ्यांचे आहेत."

"म्हनून घरात हायेत."

ती थांबते. देवाजीच्या आणि फुलाबाईच्या घरामध्ये मोकळी जागा आहे. तिथे पडकी भिंतसुद्धा नाही, चुलीचा दगड नाही. वर्षानुवर्षं ठेवलेला गठ्ठा रॅकमधून उचलला की धुळीत त्याची चौकोनी जागा तेवढी स्वच्छ राहते, तशी ती जागा आहे.

"इथं," ती म्हणते.

"इथे तर काही नाही."

"नाईच. तूच तं लिवलं."

पाखडण्याचा आवाज थांबलाय.

"मले देवाजीच्या ओसरीवर बसा लागते," ती सांगते. तक्रार म्हणून नाही, एखादीनं शेजारणीला सांगावं तसं. "थो काही म्हनत नाई. पन लोकाच्या ओसरीवर किती बसाव, बाई? उठाव, बसाव. इकडचे पाय तिकडं कराव."

"सयत्राबाई, तो सापडला मला."

"कवा?"

"अकरा दिवस झाले."

ती 'का?' असं विचारत नाही. तिनं विचारावं म्हणून मी वाट बघते. विचारलं असतं तर मी स्कॅनिंगचं सांगितलं असतं, टेंभरे साहेबांचं सांगितलं असतं.

"माही चंद्रकला आलती ना?"

"आली होती."

"काय सांगतलं तिले?"

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली आहे. अर्जदार बसतात त्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद, आणि मी ती दोन्ही हातांनी धरलीय. आत माझ्या टेबलामागे, माझ्या खुर्चीत सयत्राबाई बसलीय. डोळ्यांवर माझा चष्मा आहे. मी उठून दाराशी जाते. आत पाऊल टाकायचं धाडस होत नाही.

"मॅडम," मी म्हणते, "माझं काही सापडलं का?"

ती यादीवर बोट फिरवते. वरून खाली, पान उलटून परत वरून खाली. मान वर करत नाही. मग स्वच्छ शब्दांत, माझ्या आवाजात म्हणते,

"शोध घेतला असता आढळून येत नाही."

"काय आढळून येत नाही?"

"तुम्ही."

मी खाली बघते. पिशवी आहे. पिशवी धरलेले हात दिसत नाहीत. मला ओरडायचं आहे की मी अलका, बावीस वर्षं याच कार्यालयात आहे, सेवापुस्तक काढून बघा. पण सेवापुस्तकही कुठल्यातरी गठ्ठ्यात बांधलेलं असणार आणि तो सोडणारी मीच आहे.

"भेव लागलं का?" सयत्राबाई विचारते. आता ती माझ्या शेजारी उभी आहे. पायाखाली पुन्हा चिखल, वर तो हिरवा उजेड.

"हो."

"मले बी लागे. तुह्या टेबलापुढं."

त्या मोकळ्या जागेत ती उकिडवी बसते. मलाही खाली बसवते.

"लिव."

"कशावर?"

ती मातीकडे बोट करते. मी बोटानं लिहायला लागते. ती सांगते, भिंती मातीच्या. वर कवेलूचं छप्पर. एक खोली, पुढं ओसरी. मागं आड नाही, पाणी फुलाबाईकडून. दारात बोरीचं झाड, फळ धरलेलं. माझं अक्षर कधी नव्हे इतकं सुबक येतंय. आणि जसं लिहिते तसं पाठीला काहीतरी टेकतं. मी वळून बघत नाही. भिंत आहे ती, मला कळतं. ओल्या मातीचा गारवा आहे तिला.

"आता पंच," ती म्हणते.

देवाजी जाळं बाजूला ठेवतो. सावकाश येतो, वाकतो, अंगठा टेकवतो आणि आपल्या दारात जाऊन बसतो.

"दुसरा पंच कोण?" मी विचारते.

आता सगळे बघतायत. प्रत्येक दारातून. सुपावर हात ठेवून ती बाईसुद्धा.

"मला सही करता येते," मी म्हणते.

"सही तं तू पयले बी केल्ती," सयत्राबाई म्हणते.

तिची बोटं माझ्या मनगटाभोवती येतात. फार थंड आहेत. जोर लावत नाही ती. मी हात ओढून घेतला असता तर सुटला असता. मी ओढत नाही. माझा अंगठा खाली जातो, मातीत रुततो, आणि माती ओली, मऊ, मग कोरडी, मग खरखरीत होत जाते.

"कोहाड मॅडम."

मी डोकं उचलते. गालावर हाताच्या बांगडीचा वळ उमटलाय. दारात टेंभरे साहेब उभे आहेत. त्यांच्यामागे अंगणात ट्रकचं इंजिन घरघरतंय.

"गाडी आली. तेवढं एक पान द्या तुमचं."

ते आत येतात, माझ्या कोपराखालून पान ओढून घेतात, आणि वाचता वाचता थांबतात.

"हे काय? सही येते ना तुम्हाला? अंगठा कशाला लावलात?"

मी बघते. 'गठ्ठा क्र. २१२, किरकोळ पत्रव्यवहार, नष्ट करणे' या ओळीवर एक अंगठा उमटलाय. जांभळा, पूर्ण, एकही रेघ पुसट नसलेला. मी उजवा हात उलटा करते. अंगठा नखापर्यंत जांभळा आहे. या खोलीत शाईचा पॅड नाही. तो साहेबांच्या कपाटात असतो, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

"दोनशे बारा जाणार नाही," मी म्हणते.

"मॅडम, आपलं बोलणं झालंय."

"मी पत्र चुकीचं दिलं होतं. शोध घेतलाच नव्हता. तसं आजच लिहून देते, आणि तिच्या मुलीला पंचनाम्याची नक्कल देते."

"चौकशी लागेल."

"लागू दे."

ते माझ्याकडे बघतात, मग पानाकडे. खिशावरून हात फिरवून किल्ली चाचपतात. मग तर्जनी पुढे करून त्या ठशावरून हलकेच फिरवतात, वाळलाय का बघायला.

बोट वर घेतात तेव्हा त्यालाही शाई लागलेली असते.