पांढऱ्या काविळीचं पथ्य

अक्कलकुव्यातला फकीर पिंजारी गाद्या भरायचा आणि त्याची बायको शहाबानो खोळी शिवायची. यात तिचा जन्म गेला. ताप असो, कणकण असो, मशीन कधी थांबलं नाही. छातीत गाठ लागली तेव्हाही बाईनं आधी लग्नसराईच्या गाद्या उरकल्या, मग दवाखाना गाठला. आता बोला!

केमोच्या आधी रक्त तपासलं, तर हेपेटायटिस बी निघाला. ना डोळे पिवळे, ना कुठं दुखणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केमोनं ताकद घटली की हा झोपलेला विषाणू उठतो आणि लिव्हर खराब करतो. ही गोळी रोज घ्या. तीन आठवड्यांनी केमो सुरू करू."

बाहेर बाकावर कुणीतरी फकीरला सांगितलं, म्हणजे पांढरी कावीळ. झालं! त्याच्या डोक्यात आईच्या वेळचं काविळीचं पथ्य शिरलं. तेल बंद, हळद बंद, मटणाचं तर नाव नको. सून अतिका चुकून फोडणी देईल म्हणून हा बाबा दुकान सोडून स्वतः चुलीशी बसायचा आणि दुधी उकडायचा. बिनमिठाचा!

शहाबानोला तो घास गिळवत नव्हता. पण नको म्हणावं तर त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मग ती दोन घास कसेबसे ढकलायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आजाराला ती कंटाळली होती, एसटीच्या हेलपाट्यांना कंटाळली होती, आणि खरं सांगायचं तर दुधीला सगळ्यात जास्त कंटाळली होती.

ठरल्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. वजन उतरलेलं, रक्त कमी. डॉक्टरीणबाई भडकल्या. "आज केमो देता येणार नाही. गोळी घेतलीत ते बरं केलंत, पण उपाशी का राहिलात? हे असलं पथ्य कुणी सांगितलं?"

फकीरनं मान खाली घातली.

"मीच केलं," शहाबानो पटकन म्हणाली. "मन्हीच अक्कल."

"नीट जेवा. घरातले जेवतात तेच. अजून पंधरा दिवस थांबावं लागेल."

पंधरा दिवस! गाठ काय थांबणार होती तोवर? बाहेर येऊन फकीर मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. तिनं त्याला रडू दिलं. समजूत घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले. "काय खाशी?"

"काहीबी," ती म्हणाली. "फक्त तुम्ही रांधू नका."