सीताफळ मेलं नव्हतं

मैत्रिणींनो, मंडळाच्या वहीत लिहायची आज माझी पाळी नाही, पण सकाळी घडलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या पावसाळ्यात परसात लावलेलं माझं सीताफळ कमरेएवढं झालं होतं. महिन्यापूर्वी त्याची सगळी पानं गळाली. मी कोकणातली, आंबा-फणसाच्या सावलीत वाढलेली. असं उघडं झाड बघून मला धडकीच भरली. शेजारच्या नरसव्वा सूत रंगवतात. त्यांचं रंगाचं पाणी आमच्या परसातून जायचं. मी तावातावानं म्हटलं, "तुमच्या रंगानं माझं झाड मारलं!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मातीचा बांध घालून पाणी वळवलं. तरी मी अबोला सोडला नाही.

आज मी झाड उपटायला बसले, तशा त्या धावत आल्या. "थांबा की वो! मेलं न्हाई ते!"

त्यांनी नखानं साल खरवडली. आत हिरवंगार! वर बारीक कोंबही फुटले होते.

"उन्हाळ्यात सीताफळ पानं टाकतंयच की."

मला इतकं हायसं वाटलं, की मातीतच बसून राहिले. मग विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगायला आले हुते. तुमी दार लावून घेतलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र मान वर करवेना.

तुम्ही कधी कुणाशी असं चुकीचं वागलाय का? मग माफी कोणत्या शब्दांत मागितलीत, ते वहीत लिहा. मला अजून शब्द सापडलेले नाहीत, आणि संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं आहे.