भाऊजींचा सुईवरचा तास

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, हायस्कुलातून निवृत्त झाले तरी खिशात खडू ठेवत. "मासळी इली काय?" असं विचारलं तरी आधी ओसरीवर समुद्राच्या प्रवाहांचं चित्र निघे. मासळीवाली तोवर पुढच्या वाडीत पोचलेली असे.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायचे. त्यांच्या रक्तात प्रोस्टेटच्या आजाराची शंका दाखवणारा पीएसए वाढलेला आला, तेव्हा रिपोर्ट मीच घरी नेला. डॉक्टरांनी गोव्याला जाऊन प्रोस्टेटची बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून कर्करोगाची तपासणी, करायला सांगितली. भाऊजी गेले बाजारात नव्याने निघालेल्या इंटरनेट कॅफेत आणि छापील कागदांची चळत घेऊन परतले.

संध्याकाळी ओसरीवर वर्ग भरला. पुढे शेजारचे आबा, आयुष्यभर होडीवर तांडेल असलेले. भाऊजींनी जमिनीवर एकमेकींना बांधलेल्या होड्या काढल्या.

"पेशी अश्यो बांधलेल्यो आसत. दोर म्हणजे एक प्रोटीन. तो गेलो काय पेशी सुटता. दुसरा प्रोटीन तिका वाट पोखरून देता, तिसरा हाडात नांगर टाकता."

इथवर सगळं बरोबर होतं. पुढचं त्यांचं स्वतःचं संशोधन.

"आता सांगा, सुई खुपसली तर दोर रवतलो की तुटतलो?"

"तुटतलो," वर्ग एका सुरात म्हणाला.

"भाऊजी, सुईनं काही तुटत नाही. पेशीच तो दोर वळायचा बंद करते. तुम्ही गोव्याला जा नाहीतर घरी बसा, ती बंद करायची तेव्हा करणारच."

"तू लॅबातल्यो नळयो धू गो."

ताई आतून म्हणाली, "हेंका शिकवूक सांगा. जावक सांगू नका."

भाऊजी गेलेच नाहीत. वर्षभरात त्यांची पाठ धरली. गोव्याला नेलं, तेव्हा नांगर मणक्यात पडलेला होता. हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. दुखणं थोडं उतरलं. आवाज शाबूत होता, त्यामुळे वर्ग चालू राहिले.

मग आबांचा रिपोर्ट माझ्या हाती आला. तोच आकडा, तोच सल्ला.

"सुई नको," आबा म्हणाले. "दोर तुटता. मास्तरांनी शिकवल्यानी आसा."

भाऊजींच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत धडा पक्का लक्षात ठेवणारा विद्यार्थी निघाला तो हा. मी सरळ भाऊजींकडे गेले आणि हे सांगितलं. त्यांनी फोन करून गाडी सांगितली. मग काठी टेकत आबांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आबा, मी शिकवलंय ता चुकीचा."

"मास्तर, तुमी इतके शिकलेले…"

"म्हणान तर माझ्या हाडात इला. गाडी सांगलंय. कपडे घाल."

"पण ता प्रोटीन?"

"वाटेत सांगतंय."

वाटेत त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. प्रत्येक खड्ड्याला पाठीत कळ येत होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

आबांची गाठ जागच्या जागीच सापडली आणि वेळेत निघाली. भाऊजी पुढच्या वर्षी गेले.

हल्ली आबा स्वतःच्या ओसरीवर वर्ग घेतात. "सुयेक भियां नको," ते लोकांना सांगतात. "सुई घातली काय दोर घट्ट होता."

मी दुरुस्त करत नाही. लोक गोव्याला जातात.