वर्षात टर्म किती

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका मंगळवारी, माझा नवरा आखातातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत खुर्चीवरून पडला आणि गेला. मी उल्हासनगरला कॉलेजात कामावर होते. मुलं बदलापूरला शाळेत होती.

आम्ही तेव्हा त्याच्याजवळ असणार होतो. चौघांनी जायचं ठरलं होतं. आम्ही तिथे का नव्हतो हे लिहायला मला वर्ष लागलं.

त्याआधी तो सोळा वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कंपनीत केमिस्ट होता. बाहेरची नोकरी चालून आली तेव्हा मुलगी आठवीत जाणार होती, मुलगा तिसरीत. पगार बरा होता, घर कंपनी देणार होती. अडचण शाळेची होती. भारतीय शाळा त्या गावापासून दीड तासावर होती आणि तिथे आधीच प्रतीक्षायादी होती. गावात एकच इंटरनॅशनल शाळा. कंपनीने कळवलं : दोन्ही मुलांच्या वर्षाच्या फीचा आकडा लेखी द्या, निम्मी आम्ही भरू. तो आकडा करारात जाईल आणि दोन वर्षं बदलणार नाही.

आकडा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी ग्रंथपाल आहे. घरातली पत्रं, अर्ज, इन्कम टॅक्स मीच बघते. शाळेचं माहितीपत्रक बावीस पानांचं होतं. तीन संध्याकाळी बसून मी तक्ता केला. नोंदणीची रक्कम, परत न मिळणारी. अनामत, परत मिळणारी. इमारत निधी, बस, दोन प्रकारचे गणवेश. मुलीसाठी लॅपटॉप, कारण तिच्या वर्गात तो सक्तीचा होता. मुलाचं इंग्रजी कच्चं, म्हणून जादा तासांचे पैसे वेगळे. रियालचा भावही मी थोडा चढाच धरला. फी मात्र प्रत्येक टर्मची लिहिलेली होती. ती मी दोनने गुणली.

आमच्याकडे टर्म दोनच असतात. एक दिवाळीच्या आधी, एक दिवाळीच्या नंतर. सहामाही आणि वार्षिक. मी तशीच शिकले, मुलंही तशीच शिकत होती. त्या शाळेच्या टर्म तीन होत्या. एकोणिसाव्या पानावर, सुट्ट्यांच्या यादीत, ते छापलेलं होतं. ते पान मी उघडलं नाही. सुट्ट्यांना फी नसते.

"हे मला सात जन्मांत जमलं नसतं," तक्ता बघून तो म्हणाला, आणि शेवटचा आकडा त्याने जसाच्या तसा कंपनीला कळवला. करार आला. त्याने सही केली, अंबरनाथला राजीनामा दिला. उल्हासनगरच्या बाजारात जाऊन आम्ही चार मोठ्या बॅगा घेतल्या. दुकानदाराने चार एकदम घेतल्या म्हणून भाव उतरवला आणि वर मुलांना खिशात मावतील अशी कुलपं दिली.

आठ दिवसांनी शाळेचं पहिलं बिल आलं. त्यावर 'तीनपैकी पहिली टर्म' असं होतं.

"तीनपैकी म्हणजे?" तो म्हणाला.

मी एकोणिसावं पान काढून त्याच्यासमोर ठेवलं. कंपनीचा निम्मा वाटा दोन टर्मच्या आकड्यावर बांधला गेला होता. तिसरी टर्म सगळी आमच्या अंगावर येत होती, म्हणजे आमच्या वाट्याची फी दुप्पट होत होती. त्याने कंपनीला दोनदा लिहिलं. करार झाला आहे, एवढंच उत्तर दोन्ही वेळा आलं. एवढी फी झेपणार नव्हती, म्हणून आधी त्याने एकट्यानेच जायचं असं आम्ही ठरवलं. तीन बॅगा परत करायला मी बाजारात गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाभी, बैग ने एक बार घर देख लिया, तो घर का हो गया. अब जाओ सब, घूमो!"

सासरे आमच्याकडेच असतात, बदलापुरात कात्रपला. थोरली नणंद कुळगावात, ती रविवारी आली. तिच्यासमोरच सासऱ्यांनी विचारलं, "चौघं जाणार होतात ना? मग आता एकट्याचंच तिकीट कसं?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, "माझंच चुकलं, बाबा. टर्म तीन होत्या, मी दोन धरल्या."

मी उठून कप गोळा करायला लागले. सासऱ्यांचा चहा अर्धा राहिला होता, तोही उचलला.

"केमिस्ट ना रे तू?" नणंद म्हणाली. "तीनला दोन म्हणतोस? मग डब्यात रंग काय अंदाजाने घालायचास?"

"ह्याचे भागाकार सातवीपर्यंत मी केलेत," सासरे म्हणाले. "कारखाना शाबूत राहिला हेच नशीब."

"अरे पण घरात एवढी शिकलेली बायको आहे. तिला दाखवायचं तरी!"

"राहिलं खरं," तो म्हणाला, आणि हसला.

मी ओट्यापाशी उभी राहून हे ऐकत होते. नळ सोडला तर बोलणं ऐकू येणार नाही, म्हणून मी नळ सोडला नाही.

मग नणंदेने तोड सुचवली. "एकाचं बसतंय ना? धाकट्याला घेऊन जा तिघं. पोरगी राहील माझ्याकडे. तिला काय, इथली शाळा पुष्कळ." मुलगी दारातच उभी होती. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "दोघं. नाहीतर कुणीच नाही." तेव्हा मी मुलांबरोबर मागे राहायचं आणि त्याने वर्षभरात पैसे साठवून आम्हाला बोलवायचं, हेच कायम राहिलं.

सगळे उठल्यावर मी त्याला विचारलं, असं का सांगितलंस.

"तुला बोलले असते तर तू महिनाभर धड जेवली नसतीस. मला काय, मी लहानपणापासून ऐकतोय."

"मी सांगेन त्यांना," मी म्हणाले. "जरा शांत होऊ दे सगळं."

सगळं शांत झालं. मी सांगितलं नाही. तो जूनमध्ये गेला, आणि ती चूक आमच्या घरची चेष्टा झाली. व्हिडिओ कॉल लागला की मुलगा ओरडायचा, "बाबा, दोन अधिक एक किती?" तो गंभीर चेहरा करून सांगायचा, "दोनच की." मुलगा लोळून हसायचा. मागून सासरे म्हणायचे, "सुधारायचा नाही हा." मीही हसायचे. मुलगी हसायची नाही, पण तिचं वयच तसं आहे असं मी धरून चालले.

डिसेंबरात त्याने कळवलं की नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघांनी पंधरा दिवस तिकडे यावं, खर्च त्याने मांडून ठेवलाय. मला कॉलेजात तपासणी होती, मी वैतागलेली होते. मी म्हणाले, "तुझ्या हिशेबावर मी पुन्हा मुलांना घेऊन निघणार नाही."

त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणाला दाखवायला मी ते बोलले नव्हते. तो "बरं" म्हणाला. फोन ठेवल्यावरही मला त्यात काही खटकलं नाही. आम्ही गेलो नाही. त्यानंतर दीड महिन्यांनी तो मंगळवार आला.

सहाव्या दिवशी त्याला आणलं. सोबत त्याच्या खोलीत राहणारा सहकारी होता, केरळचा. सगळं उरकल्यावर, निघण्याआधी तो हॉलमध्ये बसला. सासरे, नणंद, शेजारची दोन माणसं, मुलं, सगळे तिथेच होते.

"भाभी," तो म्हणाला, "आपका वो फीस वाला कागज़ हम सब ने कॉपी किया है. सबको दिखाता था वो. बोलता था, मेरी वाइफ ने बनाया, देखो, कुछ छोड़ा है क्या?"

नणंदेने माझ्याकडे वळून पाहिलं. "अगं, तो कागद तू केला होतास?"

"मी नुसता टाइप केला," मी म्हणाले. "आकडे ह्यांचे होते."

"भोळा होता गं," नणंद म्हणाली आणि रडायला लागली. "हिशेब असा त्याला कधी जमलाच नाही." सासऱ्यांनी मान हलवली. मुलगी उठून आत गेली.

संध्याकाळी मी तिला जेवायला उठवायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"तू कागद करत होतीस तेव्हा कॅल्क्युलेटर माझ्याकडे होता," ती म्हणाली. "दोनने गुण म्हणालीस, मी गुणलं. मला वाटायचं चूक माझी आहे. बाबा माझ्यासाठी खोटं बोलले असं वाटायचं मला."

आठ महिने तिने ते मनात ठेवलं होतं. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हणाले, "चल, भात निवतोय."

नंतर कंपनीकडून रक्कम आली. त्या शाळेत दोघांची किती वर्षांची फी त्यात निघाली असती हे मी एका दुपारी ग्रंथालयात बसून काढलं. या वेळी तीनने गुणलं. साडेचार वर्षं निघाली असती. मग कागद फाडला.

यंदा मुलाला शाळेत 'माझे बाबा' हा निबंध होता. त्याने लिहिलं, माझ्या बाबांना गणित येत नव्हते, पण ते खूप प्रेमळ होते. बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला. पालकांची सही मी केली.

मुलगी नववीत आहे. शाळेचे अर्ज ती स्वतः भरते, मला दाखवत नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. आजोबांना तिने काही सांगितलेलं नाही, आणि मीही नाही. घरात आता आम्ही चौघं आहोत. चूक माझी होती हे त्यातल्या दोघींना माहीत आहे.