पंचविसावा सामना

वॉरन क्लेगला शिव्या घालायला स्केल्डन गावच्या लोकांना कारण लागत नसे. गावचा फुटबॉल संघ हरला तर क्लेगमुळे, बरोबरी झाली तर क्लेगमुळे, आणि जिंकला तर क्लेग असूनसुद्धा! पूर्वेकडच्या स्टँडात पहिल्या रांगेत मॉरीन नावाची सत्तरीची बाई बसायची. मांडीवर घोंगडी, हातात चहाचा थर्मास. रविवारी चर्चमध्ये तोंडातून ब्र न काढणारी ही बाई शनिवारी क्लेग रेषेजवळ आला रे आला की किंचाळायची, "अरे गाढवा, बॉल पुढंसुद्धा जातो! कुणी सांगितलं नाही का तुला?"

क्लेगला ते ठाऊक होतं. पण त्याला सतरा वर्षं पगार मिळाला तो बॉल पुढं नेण्याचा नव्हे. समोरच्याच्या पायातून तो हिसकावायचा, जमलंच तर त्याची नडगीही शेकवायची, आणि बॉल शेजारच्याच्या हवाली करायचा. मधल्या फळीत असा एक माणूस प्रत्येक संघाला लागतो आणि तो कुणालाच आवडत नाही. अठराव्या वर्षी मोठ्या क्लबानं त्याला नारळ दिला, तेव्हापासून तो खालच्या डिव्हिजनांतून फिरत राहिला. बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतात ना, तसा हा मोजून अकरा गावचं प्याला होता. एका क्लबात तर नऊच आठवडे टिकला. तिथल्या मॅनेजरचं आडनावही त्याला धड आठवत नसे.

स्केल्डनला आल्यावर बायकोनं, शेरिलनं, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "पॉपीची ही पाचवी शाळा आहे, वॉरन. तिची शेवटची परीक्षा होईपर्यंत मी इथून हलणार नाही. तुला सामान बांधायचं असेल तर तुझं एकट्याचं बांध."

ती चिडून बोलली असती तर त्यानं कानाआड केलं असतं. पण बटाटे सोलता सोलता ती अगदी शांतपणे बोलली, म्हणून तो घाबरला.

परीक्षा होती दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात आणि क्लेगचा करार संपत होता दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात. मधे एक वर्ष कमी पडत होतं. त्या वर्षाची सोय करारातच एका कलमानं केली होती: मोसमात पंचवीस सामने पहिल्या अकरांत उतरला तर करार आपोआप वर्षभर वाढेल. राखीव बाकावरून मधेच उठून खेळलेला सामना धरायचा नाही. तिशी उलटलेल्या खेळाडूला एवढंही कुणी लिहून देत नाही. तो दर शनिवारी मैदानात उतरायचा तो त्या कलमासाठी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चोवीस झाले. सामने उरले होते अकरा. आणि तिथून पुढं क्लेग जो बाकावर बसला तो बसलाच.

पहिल्यांदा मॅनेजर ग्रिमशॉ म्हणाला, पायांना जरा विश्रांती दे. दुसऱ्यांदा म्हणाला, डावपेच बदललेत. तिसऱ्यांदा तो काहीच म्हणाला नाही, यादी भिंतीला चिकटवून पाठमोरा झाला. तेव्हा क्लेग त्याच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं.

"बॉस, खरं सांगा. चेअरमनचा हुकूम आहे ना?"

"तुला काय समजायचं ते समज."

"म्हणजे आहे."

"माझीही नोकरी आहे, वॉरन. मलाही पोरंबाळं आहेत."

"तुमची पोरं शाळा बदलतायत का?"

ग्रिमशॉनं खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर पाहण्यासारखं एक कचऱ्याचं पिंप होतं.

आता हा चेअरमन ओग्डेन म्हणजे न्हाणीघराच्या फरशा विकून गबर झालेला गृहस्थ. मैदानाच्या चारी बाजूंना स्वतःच्या फरशांच्या जाहिराती, आणि त्यांच्यामधे जागा उरली तर फुटबॉल! क्लेगनं त्याला गाडीतळावर गाठलं. ओग्डेननं गाडीची काच चार बोटं खाली केली. "करारात लिहिलंय ते मी पाळीनच की. पण तुला खेळवलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय, दाखव." काच वर गेली. इतका नीच माणूस, आणि बोलला त्यातला शब्दन्‌शब्द खरा! क्लेगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. क्लेग बाकावर दिसला की मॉरीन खूश होऊन म्हणायची, "बस तिथंच, राजा! तिथं तू कुणाचं वाटोळं करत नाहीस."

आणि मैदानात टाळ्या कुणाला, तर कर्णधार डोनल टियर्नीला. तोही मधल्या फळीतलाच, तोही तेहतिशीचा, पण स्केल्डनचा लाडका. या दोघांचं वैर जुनं होतं. आठ वर्षांपूर्वी क्लेग दुसऱ्या एका क्लबात असताना त्यानं टियर्नीचा घोटा मोडला होता. त्या आठवड्यात टियर्नीला वरच्या डिव्हिजनचं बोलावणं आलं होतं. घोट्याबरोबर तेही गेलं, पुन्हा आलं नाही. क्लेगनं पंचाला सांगितलं, पत्रकारांना सांगितलं, बायकोला सांगितलं, मोठी झाल्यावर ती चित्रफीत बघून रडलेल्या पॉपीलाही सांगितलं: मुद्दाम नाही केलं, बॉलवरच गेलो होतो.

खोटं! त्यानं घोटा पाहिला होता, आणि मग तो गेला होता. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला. पुढं नशिबानं दोघांना एकाच कपडे बदलायच्या खोलीत आणून बसवलं. दोन वर्षं ते मधल्या फळीत खांद्याला खांदा लावून खेळले आणि मैदानाबाहेर एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता, दुपारी तीनला. संघ तळ्यात ना मळ्यात, पंधराव्या क्रमांकावर. दोन वाजता याद्या पंचाकडे गेल्या. टियर्नी पहिल्या अकरांत, क्लेग बाकावर. बाकावर दुसरा मधल्या फळीतला माणूसच नव्हता: एक गोलकीपर, दोन आघाडीचे, एक पोरसवदा बचावपटू आणि हा. ग्रिमशॉला वाटलं होतं, शेवटची दहा मिनिटं उतरवू, बिचाऱ्याला टाळ्या तरी मिळतील. टाळ्या! स्केल्डनात!

अडीच वाजता सगळे अंग गरम करायला मैदानात आले. क्लेग कोपऱ्यात एकटाच पाय ताणत होता. टियर्नी बॉल ढकलत ढकलत त्याच्याकडे आला आणि पाठ न वळवता थांबला. दोन वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"किती झाले तुझे?" टियर्नीनं विचारलं.

"काय किती?"

"वेड पांघरू नकोस. चोवीस ना?"

"चोवीस. आलास हसायला? हस."

"हसायला येईन तेव्हा तिकीट काढून येईन," टियर्नी म्हणाला. "ऐक. तू मला डोळ्यांसमोर नकोस. तू मेलास तर मी फूलसुद्धा पाठवणार नाही. पण तुला पाडायचंच असेल तर ते मी पाडीन, माझा हक्क आहे तो. हा फरशीवाला कोण लागून गेला?"

एवढं बोलून त्यानं बॉलला हलकीशी लाथ घातली, जागीच वाकला, मांडीचा मागचा स्नायू धरला आणि असा काही ओरडला की कावळे उडाले. क्लेग गोंधळून खाली वाकला.

"अरे, काय झालं?"

"काही झालं नाही, मूर्खा," टियर्नी दात आवळून पुटपुटला. "डॉक्टरला हाक मार. आणि जन्मात कधी आभार मानलेस तर दात पाडीन."

डॉक्टर धावले, पट्टी बांधली, मान हलवली. ग्रिमशॉ यादी हातात घेऊन बाकाकडे बघत राहिला. आघाडीचा माणूस मागं घ्यावा का? बचावातलं पोर पुढं ढकलावं का? दुसरा प्रशिक्षक म्हणाला, "बॉस, अख्खं स्टँड बघतंय. क्लेगला सोडून कुणाला उतरवलंत तर उद्या पेपरात कारण द्यावं लागेल." तीनला दहा कमी असताना पंचाकडच्या यादीत खाडाखोड झाली. कर्ण्यावरून घोषणा झाली, टियर्नी जखमी, त्याच्या जागी पहिल्या अकरांत वॉरन क्लेग. स्टँडमधून जी हुर्यो उठली ती पलीकडच्या बाजारपेठेत ऐकू गेली असेल. चेअरमनच्या काचेच्या खोलीत ओग्डेन उभा राहिला तो बसेचना. क्लेग नव्वद मिनिटं धावला, पिवळं कार्ड घेतलं आणि शिव्या खाल्ल्या. आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. सामना हरले, तो भाग वेगळा.

सोमवारी ओग्डेननं टियर्नीला बोलावून घेतलं. टेबलावर दोन कागद होते. एक होता वर्षभराचा नवा करार, टियर्नीच्या नावाचा. दुसऱ्यावर लिहिलं होतं की क्लेगनं सरावात मला लाथ मारली. या दुसऱ्यावर सही झाली असती तर गैरवर्तनाचं कलम लावून क्लेगला त्याच दिवशी हाकलता आलं असतं.

"सगळ्यांनी पाहिलंय, तो तुझ्याजवळच होता," ओग्डेन म्हणाला. "आणि त्याचा इतिहास आहे. लोक सहज विश्वास ठेवतील. दोन्हीवर सही कर. नाहीतर एकावरही नाही."

"स्नायू ताणला, साहेब," टियर्नी म्हणाला. "वय झालं."

त्या संध्याकाळी क्लबानं टियर्नीला मोकळं केल्याचं जाहीर केलं. तेहतीस वर्षांचा, मांडी दुखावलेला खेळाडू कोण घेणार? कुणी घेतला नाही. पावसाळी बुटांच्या गोदामात त्यानं नोकरी धरली. हे सगळं क्लेगला ग्रिमशॉनं सांगितलं, तेही उन्हाळा सरल्यावर, आणि कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घालून. क्लेग तडक गोदामावर गेला.

"कुणी सांगितलं होतं रे तुला हा शहाणपणा करायला?" तो भर अंगणात ओरडला. "माझ्या गळ्यात हा धोंडा कशाला बांधलास?"

टियर्नीनं हातगाडी थांबवली. "तुझ्यासाठी केलं असं वाटतंय का तुला? चल, चालता हो. आणि तोंड उघडलंस तर ओग्डेन दोघांनाही लबाडीत ओढेल. तुझी पोर शाळेत आहे ना? मग गप्प बस."

क्लेग गप्प बसला. पंचवीस सामन्यांचं कलम मात्र एव्हाना पेपरात आलं होतं, आणि गावानं आपली गोष्ट जुळवून टाकली होती. घोटा मोडणाऱ्यानंच करारासाठी मांडी फोडली! दिसत नाही का, शेजारीच तर उभा होता! नवा मोसम सुरू झाला तेव्हा आता नुसती मॉरीन नव्हे, चारी स्टँड त्याच्या नावानं ओरडू लागले. दुकानातली पोरगी सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवू लागली. शेरिलला टियर्नीच्या नाटकाचं सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, वर्षभर सोस, मग बघू. सोसणं त्याला जड नव्हतं, सतरा वर्षं तो तेच करत आला होता.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी पॉपी शाळेतून आली, दप्तर न उतरवता स्वयंपाकघरात उभी राहिली. शेरिल कामावर गेली होती. क्लेग चहा गाळत होता.

"बाबा, तू टियर्नीला लाथ मारलीस?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय, पॉपी. बोटसुद्धा लावलं नाही मी त्याला."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पंधरा वर्षांची पोर, पण नजर आईची, शांत.

"घोट्याच्या वेळीही तू असंच म्हणाला होतास," ती म्हणाली. "ती फीत मी परवा पुन्हा बघितली. सावकाश करून. तू खाली बघतोस, बाबा. आधी बघतोस आणि मग जातोस."

 या वेळी क्लेग खरं बोलत होता, आणि ते तिनं मानावं असं त्याला मनापासून वाटत होतं. पण ते सिद्ध करायचं तर आधीचं खोटं कबूल करावं लागणार होतं, आणि ते कबूल केल्यावर हे कोण खरं मानणार?

"ते तेव्हाचं..." तो म्हणाला.

"मुलींना मी सांगत होते, माझा बाप तसा नाही म्हणून," पॉपी म्हणाली. "वर्गात भांडले मी तुझ्यासाठी." आणि ती जिना चढून वर गेली. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा झाली, त्याच शाळेत, चांगल्या गुणांनी. निकालाच्या दिवशी तिनं आईला मिठी मारली, आणि क्लेगनं अभिनंदन केलं तेव्हा ती "थँक यू" म्हणाली, रस्त्यावर वाट सोडणाऱ्या परक्या माणसाला म्हणतात तसं.