लावलेलं गवत

गेटपाशी गवताला तुरे आले आहेत. सकाळचं ऊन मागून आलं की ते तांबूस दिसतात. एवढीशी मुनिया एका तुऱ्यावर बसते, त्याच्यासकट खाली वाकते आणि पुन्हा वर येते.

बादली उचलणं गुडघ्यांना झेपेना, गुलाब एकामागोमाग वाळले, तेव्हा गावाकडच्या माळावरून मी या गवताचा ठोंब आणून लावला. एकदा रुजल्यावर त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. पण गणपतीच्या आधी आमचे माळीमामा अंगण साफ करायला आले आणि दुपारी अभिमानाने म्हणाले, "ताई, तणाची एक काडी ठेवली नाही बघा."

त्यांना काय बोलणार? सगळा जन्म त्यांनी गवत काढण्यात घालवलेला. मीही काही वेगळं शिकले नव्हते. आपोआप येतं ते काढायचं, रुसून बसतं त्याचे लाड करायचे, म्हणजे बाग. चहा दिल्यावर मी हळूच सांगितलं. मामांचा चेहरा उतरला.

मुळं मात्र खोल राहिली होती. दसऱ्याला त्या जागी हिरवी टोकं दिसली. मामांनी भोवती चार दगड मांडले.

आज शेजारच्या वहिनी आत येता येता म्हणाल्या, "अहो, किती गवत माजलंय! काढून टाका की."

मी तोंड उघडायच्या आत मामा खुरपं ठेवून उठले.

"माजलेलं नाही, वहिनी. लावलंय आम्ही."