तणसाचा बूट

डोमाभाऊंच्या हातात विणलेली कुठलीही वस्तू द्या, ते आधी ती उकलायचे. वडशाच्या आमच्या बांबू केंद्रात ते विणकाम शिकवायचे आणि मी कार्यालय सांभाळायचे. एकदा त्यांनी माझी वायरची नवी पिशवीच सोडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी परत मिळाली, पण त्या दिवशी मी जाम चिडले होते. ते शांतपणे म्हणाले, "उकलल्याबिगर मले दिसतच नाई, बाई."

केंद्रात नमुना म्हणून आलेली प्रत्येक वस्तू त्यामुळे त्यांच्याच टेबलावर जायची. घोळ तिथेच झाला.

जपानच्या बर्फाळ, डोंगराळ भागातून हारुको नावाच्या बाई आमचं काम बघायला आल्या. त्यांच्याकडे हिवाळाभर शेतं बर्फाखाली जातात, मग माणसं घरात बसून हातकाम करतात, असं दुभाष्याने सांगितलं. दाखवायला त्यांनी बर्फात घालायचे बूट आणले होते. डोमाभाऊंनी एक बूट नाकाशी धरला. "हे तं धानाचं तणस होय," म्हणाले आणि खुशीत हसले. आपण गुरांपुढे टाकतो तो भाताचा पेंढा तिकडे पायात घालतात, याचं त्यांना भारी अप्रूप वाटलं.

हारुकोबाई जेवून येईपर्यंत एक बूट सुटून पडला होता.

ते बूट त्यांच्या वडिलांनी केलेले होते. वडील आता नव्हते आणि ते काम येणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. हे आम्हाला तेव्हा कळलं. डोमाभाऊ तणस ओलं करून बसले. पंजा झाला, वरची नळी झाली, टाच काही वळेना. करायचे आणि पुन्हा उकलायचे.

शेवटी हारुकोबाईंनी दुसरा, अख्खा बूट त्यांच्यापुढे सरकवला. हाही उकला, टाच कशी वळवलीय ते कळेल, मलाही शिकायचं आहे, असं त्यांनी दुभाष्याकडून सांगितलं.

डोमाभाऊंनी तो उचलला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"नाई, बाई. एक तं तुमच्या बापाच्या हातचा राह्यला पाह्यजे."

बाई रडल्या. मलाही राहवलं नाही. एक अख्खा आणि एक बिनटाचेचा, असे बूट घेऊन त्या गेल्या.

पुढे दर वर्षी धान निघालं की डोमाभाऊ लांब, चांगलं तणस निवडून आणायचे आणि आठवणीवरून तो बूट करून बघायचे. गेल्या वर्षी ते वारले. टाच त्यांना शेवटपर्यंत जमली नाही.